फसफसणारी पेये ‘आयुष्यभर बंद’: एका ओळीची पार्श्वभूमी

बॅरियाट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना हातात पडणाऱ्या कागदावर बऱ्याच गोष्टी असतात. प्रथिने किती, पाणी किती, गोळ्या कधी, जेवताना पाणी का प्यायचे नाही. यातल्या बहुतेक गोष्टींवर आहारतज्ज्ञ वेळ देऊन बोलतात. ‘फसफसणारी पेये आयुष्यभर बंद’ ही ओळ मात्र एका वाक्यात आटोपली जाते: पाऊच, म्हणजे शस्त्रक्रियेत जठराचा बनवलेला लहान कप्पा, ताणला जातो. रुग्ण मान डोलावतो आणि पुढे कित्येक वर्षे एका घोटासाठी स्वतःला दोष देत राहतो. हा नियम चांगला आहे असे माझे मत आहे. पण तो ज्या पोटाच्या काळात रुजला ते पोट आता क्वचितच कुणी बनवते, आणि कारण म्हणून आपण जे सांगतो ते त्यातले सगळ्यात कच्चे कारण आहे.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १९५४ मध्ये वजनासाठी जो पहिला बायपास, म्हणजे अन्नाला पचनमार्गाचा काही भाग टाळून नेणारी शस्त्रक्रिया, झाला तो लहान आतड्याचा. जठराला त्यात हात लागला नव्हता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जठराचा बायपास आला, पण त्यातला वरचा कप्पा आजच्या पाऊचच्या मानाने बराच मोठा होता.

‘ताणले जाईल’ ही भीती खरी ठरली ती १९७० च्या दशकात, स्टेपलर आल्यावर. तेव्हा जठर कापून वेगळे करत नसत. नुसती टाक्यांची रांग मारून लहान कप्पा तयार करत आणि खाली एक अरुंद वाट ठेवत. ही रांग कालांतराने उसवायची. उसवली नाही तर वाट रुंद व्हायची. दोन्हींत अन्न पुन्हा मोठ्या जठरात शिरायचे आणि वजन परत यायचे. म्हणून १९८० च्या सुमारास त्या वाटेभोवती न ताणणारी पट्टी बसवायला सुरुवात झाली, आणि पुढे पाऊच उरलेल्या जठरापासून कापून पूर्ण वेगळा करण्याची पद्धत रूढ झाली. उसवणाऱ्या रांगेचा काळ असा संपला. त्या काळातली भाषा मात्र कागदांवर राहिली.

पट्टीवाल्या शस्त्रक्रियेने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. घट्ट अन्न अरुंद वाटेत अडते, द्रव अडत नाही. गोड पेय, मिल्कशेक, आइस्क्रीम सहज खाली उतरते आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. १९८७ साली पट्टीची शस्त्रक्रिया आणि जठराचा बायपास यांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गोड खाण्याची सवय असलेल्या रुग्णांचे वजन पट्टीनंतर बायपासच्या मानाने फारच कमी उतरलेले दिसले. बायपासमध्ये साखर थेट आतड्यात जाते आणि डंपिंग होते: धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. ज्याला ते एकदा झाले तो पुन्हा ग्लासाला हात लावताना विचार करतो. पट्टीच्या रुग्णाला असा पहारेकरी नव्हता. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. दिवसाला असे दोन कॅन म्हणजे शस्त्रक्रियेचा बराचसा फायदा घशाखाली गेला.

म्हणजे या पेयांविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा साखरेविरुद्ध होता. इथून पुढचा माझा अंदाज आहे. बिनसाखरेची पेये घरोघरी पोहोचल्यावर रुग्ण विचारू लागले, ‘यात तर कॅलरीच नाहीत, मग काय हरकत आहे?’ साखरेचा मुद्दा तिथे लागू पडत नव्हता. मग कारणाची जागा वायूने घेतली, आणि वायूबरोबर ताणले जाण्याची जुनी भीती नव्या पाऊचवर येऊन बसली.

या ‘ताणले जाणे’ शब्दापाशी थोडे थांबावे लागेल, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत.

पहिली, फुगणे. वायू शिरला की पोकळी तात्पुरती फुगते आणि वायू निघून गेला की पूर्ववत होते. हे नक्की घडते. क्ष-किरण तपासणीत जठराच्या भिंती नीट दिसाव्यात म्हणून बेरियमबरोबर फसफसणारी भुकटी देतात, ती यासाठीच. त्या भुकटीतून काहीशे मिलिलिटर वायू सुटतो आणि जठर फुग्यासारखे उघडते. तपासणी झाल्यावर ते कायमचे मोठे राहत नाही.

दुसरी, पाऊचची भिंत महिन्यामहिन्यांनी सैल होत जाणे. हेही घडते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एकदोन वर्षांत पाऊच किंवा स्लीव्ह (जठराचा बराच भाग कापून काढल्यावर उरलेली नळी) काही प्रमाणात मोठे होतेच, सोडा न पिणाऱ्यांचेही. तसे झाले नसते तर माणूस पुढे कधीच पुरेसे जेवू शकला नसता. रुग्णाला हे आधी कुणी सांगत नाही, आणि मग दीड वर्षाने वाटीभर जास्त खाता आले की तो मागे प्यायलेले सोड्याचे ग्लास मोजायला लागतो. असे हिशोब मी फार ऐकले आहेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे.

तिसरी, बायपासमध्ये पाऊच आणि आतडे जिथे जोडलेले असते ते तोंड रुंद होणे. ते साधारण १० ते १२ मिलिमीटरचे ठेवतात. वजन परत येण्याशी या तोंडाच्या रुंदीचा संबंध अभ्यासांत दिसला आहे आणि आता दुर्बिणीतून टाके घालून ते पुन्हा अरुंद करण्याचे उपचारही होतात. यात पेयातल्या वायूचा वाटा किती, हे वेगळे काढून दाखवणारा भक्कम पुरावा नाही. मार्गदर्शक शिफारशींमध्ये फसफसणारी पेये टाळण्याचा सल्ला मुख्यतः तज्ज्ञांच्या मतावर उभा आहे. तज्ज्ञांच्या मताला किंमत असते. फक्त ते मत आहे, हे रुग्णाला कळले पाहिजे.

वायूचे गणितही पाहू. कॅनमधल्या पेयात त्याच्या आकारमानाच्या साधारण तीन ते चार पट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणजे ३३० मिलिलिटरमध्ये लिटरभर. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण बराचसा वायू झाकण उघडताना आणि ओतताना निघून जातो, काही ढेकरांतून बाहेर पडतो. अखंड जठराच्या माणसालाही साधारण ३०० मिलिलिटर पेयाच्या पुढे गेल्यावर जडपणा जाणवू लागतो. १५ ते ३० मिलिलिटरच्या नव्या पाऊचमध्ये एवढासा वायूही छातीखाली खिळा ठोकल्यासारखा दुखतो. पहिल्या आठवड्यांत, टाक्यांची रांग भरून येत असताना, तिथे दाब वाढवण्यात काहीच शहाणपण नाही. इथे मतभेद नाही.

बायपास आणि स्लीव्ह यांना एकाच कागदावर एकच ओळ लावणे ही आणखी एक गफलत. बायपासच्या पाऊचला खाली झडप नसते, त्यामुळे वायूला पुढे सरकायला वाट असते. स्लीव्हमध्ये जठराची लांबट नळी उरते, खालची झडप शाबूत असते, आणि जठराचा सगळ्यात सैल होऊ शकणारा वरचा घुमट काढून टाकलेला असतो. आतला दाब त्यामुळे आधीच जास्त असतो. वायूला सोपी वाट वरची, म्हणजे अन्ननलिकेची. फसफसत्या पेयांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची पकडही काही वेळ ढिली पडते. स्लीव्हनंतर छातीत जळजळ हा तसाही नेहमीचा त्रास आहे, आणि गेल्या दशकभरात जगात सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया स्लीव्हच आहे. म्हणून आजच्या बहुसंख्य रुग्णांसाठी खरे कारण आम्लपित्ताचे आणि जळजळीचे आहे. ते सांगितले तर पटते, कारण रुग्णाला ते स्वतःच्या छातीत जाणवते.

आणि याच कोलाचा एक विरुद्ध उपयोगही आहे. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर कधीकधी न पचलेल्या तंतूंचा घट्ट गोळा जठरात अडकून बसतो. २००२ पासूनच्या वैद्यकीय अहवालांत असे गोळे कोला देऊन विरघळवल्याच्या नोंदी आहेत. ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली केले जाते. घरी करून पाहण्याची ही गोष्ट नाही.

वाद उरतो तो ‘आयुष्यभर’ या शब्दाचा. काही केंद्रे पहिल्या काही आठवड्यांपुरती बंदी घालतात, काही तीन ते सहा महिने, काही कायमची. कायमची बंदी घालणाऱ्यांचा युक्तिवाद सवयीचा आहे: बिनसाखरेचा ग्लास हळूहळू साखरेच्या ग्लासाकडे नेतो, आणि जेवणासोबत काहीतरी पीत राहण्याची जुनी खोड परत येते. मला हा युक्तिवाद ताणाच्या युक्तिवादापेक्षा कितीतरी खरा वाटतो. मुदतीची बंदी घालणारे म्हणतात की न पाळता येणारा नियम मोडला की माणूस पाळता येण्याजोगे नियमही सोडून देतो, शिवाय तपासणीला यायला लाजतो. तपासणी चुकली की लोह, बी-१२, कॅल्शियम यांची कमतरता कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ते नुकसान ढेकरांपेक्षा फार मोठे आहे.

मराठीतला शब्दही घोळ वाढवतो. आपण ‘कोल्ड्रिंक बंद’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याचे लक्ष थंडपणाकडे जाते. मग कोमट झालेला, वायू गेलेला कोला चालतो असे वाटते, जरी त्यात साखर जशीच्या तशी असते. उलट, साखर नसलेले साधे सोडावॉटर ‘पाणीच तर आहे’ म्हणून सुटते. बिअर कुणी यात धरतच नाही. खरे तर बायपासनंतर मद्य रक्तात फार लवकर चढते, आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या वर्षापासून मद्याचा त्रासदायक वापर वाढल्याचे २०१२ मधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले होते. तिथे बुडबुड्यांची चिंता सगळ्यात शेवटची.

अलीकडे ही ओळ आणखी एका यादीत गेली आहे. २०२१ नंतर वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांचा वापर झपाट्याने वाढला. या औषधांनी जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, त्यामुळे मळमळ, ढेकर, पोट फुगणे होते, आणि फसफसणारी पेये टाळण्याचा सल्ला तिथेही दिला जातो. या लोकांचे जठर अखंड असते, त्याला ना टाके असतात ना पाऊच. त्या यादीत क्रियापद बहुतेकदा ‘कमी करा’ असे असते आणि कारण म्हणून ढेकर लिहिलेले असतात.