मोटारींची वर्दळ नसलेला स्पेन: जुन्या रेल्वेमार्गांवरून सायकल सहल

स्पेन आणि सायकल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शर्यतीतले सायकलपटू आणि घाटांची वळणं येतात. आमच्या सहली त्या रस्त्यांवरून जात नाहीत. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथे चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वाटा केल्या आहेत. त्यांना तिथे 'व्हिया व्हेर्दे', म्हणजे हरित मार्ग म्हणतात. आम्ही तुम्हाला नेतो ते या वाटांवर. नोंदणी करण्याआधी हे पत्रक घरातल्या सगळ्यांनी वाचावं, कारण या सहलीला येणाऱ्यांत रोज सायकल चालवणारा एखादाच असतो, बाकीचे त्याच्या आग्रहामुळे आलेले असतात.

या वाटा सोप्या का?

रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही. बोरघाटात 37 मीटरला 1 मीटर चढ आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. रेल्वेच्या हिशेबात तो चढ अवघड, पण गिअरच्या सायकलला सहज जमणारा. स्पेनमधल्या या मार्गांवर बहुतेक ठिकाणी चढ याहूनही कमी आहे. डोंगर आला तिथे अभियंत्यांनी बोगदा खणला, दरी आली तिथे पूल बांधला. त्यांनी घेतलेल्या कष्टांचा फायदा आज साठीतल्या माणसाला आणि बारा वर्षांच्या मुलाला सारखाच मिळतो.

विसाव्या शतकात स्पेनमधले बरेच ग्रामीण रेल्वेमार्ग तोट्यात गेले, आणि 1980 च्या दशकाच्या मध्याला एकदम मोठ्या प्रमाणावर बंद झाले. 1993 मध्ये अशा मार्गांना पुन्हा वापरात आणायचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठान तेव्हापासून त्याचं काम पाहतं. आज अशा वाटांची एकूण लांबी 3,000 किलोमीटरहून जास्त आहे.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी: ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो

कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर आमचं उत्तर ठरलेलं आहे. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातला हा 'व्हिया व्हेर्दे दे ला सिएर्रा' फक्त 36 किलोमीटरचा आहे. त्यात 30 बोगदे आणि 4 मोठे पूल आहेत. हेरेस ते अल्मार्खेन रेल्वेसाठी 1920 च्या दशकात इथे काम सुरू झालं, बोगदे झाले, स्थानकं उभी राहिली. मग पैसा आटला, पुढे यादवी युद्ध आलं, आणि या मार्गावरून गाडी कधी धावलीच नाही. आज त्यांतल्या काही स्थानकांत खाण्याची आणि राहण्याची सोय आहे.

आम्ही ओल्वेराहून निघतो, कारण त्या दिशेने एकूण उतार आहे. उलट दिशेने येणारेही भेटतात, पण पहिल्याच दिवशी पाय दुखवून घेण्यात काही अर्थ नाही.

बोगद्यांबद्दल नीट सांगायला हवं. बाहेरच्या कडक उन्हातून आत शिरलात की पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. गॉगल बोगद्याच्या तोंडाशीच काढा आणि डोळे सरावेपर्यंत वेग कमी ठेवा. आत हवा एकदम गार असते आणि काही ठिकाणी छतातून पाणी ठिबकतं. लांब बोगद्यांत दिवे आहेत, पण ते चालू असतीलच असं धरून चालू नका. पुढचा पांढरा आणि मागचा लाल असे दोन्ही दिवे प्रत्येक सायकलला आम्ही लावून देतो. समोरून चालत कोणी येत असेल तर घंटी आधीच वाजवा.

वाटेत साफ्रामागोनचा कडा लागतो. हे संरक्षित क्षेत्र आहे, आणि आंदालुसियातल्या ग्रिफॉन गिधाडांच्या मोठ्या वसाहतींपैकी एक इथे आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे भारतात गिधाडं कशी संपत गेली हे आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्रात ती पाहायला म्हसळ्याजवळच्या चिरगावसारख्या मोजक्या ठिकाणी जावं लागतं. इथे सकाळी ऊन तापून हवा वर चढू लागली की एकामागून एक गिधाडं कड्यावरून सुटतात आणि पंख न हलवता गोल गोल वर जातात. पंखांचा रुंद फिका पट्टा आणि काळी किनार साध्या डोळ्यांनीही कळते. आम्ही इथे मुद्दाम थांबतो. दुर्बीण असेल तर जरूर आणा. वजन वाढलं तरी चालेल.

सरावलेल्यांसाठी

खाएन ते पुएन्ते खेनिल हा ऑलिव्ह तेलाचा मार्ग सुमारे 128 किलोमीटरचा आहे. याच रुळांवरून एके काळी तेल वाहून नेलं जाई. खाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडं आहेत, त्यामुळे टेकड्यांवर नजर जाईल तिथे एकसारख्या ओळी दिसतात. मार्तोस, अल्काउदेते, काब्रा, लुसेना अशी गावं वाटेवर किंवा वाटेच्या जवळ आहेत. सुएरोस हे किल्ल्याखालचं पांढरं गाव मात्र मुख्य वाटेपासून वर आहे. तिथे चढून जायचं की खाली थांबायचं हे ज्याने त्याने ठरवावं. आमच्या मते वर जावं. जुने लोखंडी पूल हे या मार्गाचं खरं वैभव. ते ओलांडताना वारा जोरात असतो, तेव्हा टोपीचा पट्टा घट्ट करा.

दुसरा पर्याय ओखोस नेग्रोस. पूर्व स्पेनमधल्या तेरुएलच्या खाणींतलं लोखंडाचं खनिज भूमध्य समुद्राकाठच्या सागुन्तोला नेण्यासाठी एका कंपनीने ही स्वतःची रेल्वे बांधली होती. आज हा दीडशे किलोमीटरहून लांब हरित मार्ग आहे आणि स्पेनमधला सर्वांत लांब मानला जातो. तेरुएलच्या पुढे एस्कांदोनची खिंड ओलांडली की समुद्राकडे बराचसा उतार आहे. तेरुएलकडे थंडी कडक असते, म्हणून ही सहल आम्ही हिवाळ्यात नेत नाही.

'वर्दळ नाही' म्हणजे नेमकं काय

या वाटांवर मोटारींना बंदी आहे. तरीही काही ठिकाणी वाट डांबरी रस्ता ओलांडते. तिथे उतरून, दोन्हीकडे पाहून सायकल हाताने न्या. ऑलिव्हच्या तोडणीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर भेटतात. त्यांना आधी जाऊ द्यावं, ते त्यांच्या कामावर आहेत.

स्पेनमध्ये वाहनं उजवीकडून चालतात. वाटेवरही उजवी बाजू धरा आणि पुढे जायचं तर डावीकडून जा. आपली सवय उलटी, त्यामुळे पहिल्या दिवशी आमचा माणूस सगळ्यात पुढे असतो. चालणाऱ्यांना आणि व्हीलचेअरवाल्यांना नेहमी आधी वाट द्यायची. गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. आमच्याबरोबर ते सगळीकडे सक्तीचं आहे. आपत्कालीन मदतीसाठी 112 हा क्रमांक लावावा.

जमीन बहुतेक ठिकाणी घट्ट दाबलेल्या मुरमाची, काही ठिकाणी डांबराची असते. शर्यतीची बारीक टायरची सायकल इथे उपयोगाची नाही. आम्ही रुंद टायरच्या सायकली देतो. हवी असल्यास विजेवर चालणारीही मिळेल, त्यात कमीपणा मानू नका.

जेवण

इथेच आपल्या लोकांची सर्वांत जास्त पंचाईत होते. स्वयंपाकघरं दुपारी दीड-दोनला उघडतात आणि रात्री साडेआठ-नऊला. मध्ये दुकानंही बंद. म्हणून आम्ही सकाळी लवकर निघतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत दिवसाची सायकल संपवतो. पाठीच्या पिशवीत चिक्की, शेंगदाणे, खाकरे असू द्या.

शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवावं की 'मांस नाही' म्हटलं तरी ताटात सुक्या मांसाचे तुकडे किंवा सॅलडवर ट्यूना येऊ शकतो. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून केलेलं गार साल्मोरेखो उत्तम लागतं, पण त्यावर अंडं आणि 'खामोन', म्हणजे डुकराचं सुकवलेलं मांस, भुरभुरतात. ते नको हे ऑर्डर देतानाच सांगायचं. तोर्तिया म्हणजे तिथे बटाट्याचं जाड ऑम्लेट. अंडं न खाणाऱ्यांसाठी भाजक्या पावावर टोमॅटो आणि तेल, पालक घातलेले हरभरे, ऑलिव्ह, फळं. जैन जेवण खेड्यात मिळत नाही, त्यासाठी आम्हाला आधी सांगा म्हणजे स्वयंपाकघर असलेलं घर घेता येईल.

कधी, आणि तयारी

मार्चअखेर ते मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये आंदालुसियाच्या आतल्या भागात तापमान 40 अंशांपर्यंत जातं. त्या काळात कोणी कितीही आग्रह केला तरी आम्ही सहल काढत नाही.

शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा हवा. भेटीची वेळ मिळायला वेळ लागतो, तेव्हा विमान तिकिटाआधी त्यामागे लागा.

सराव म्हणून निघण्याआधीचे दोन महिने आठवड्यातून तीनदा तासभर सायकल चालवा आणि एका रविवारी सलग तीस किलोमीटर करून पाहा. सीटवर बसायची सवय नसेल तर पायांपेक्षा ती जास्त नडते. मोठं सामान आमची गाडी पुढच्या मुक्कामी नेते. सायकलवर फक्त पाणी, पातळ जाकीट आणि दिवसाचं खाणं.

नोंदणीच्या फॉर्मवर तुमची उंची अचूक लिहा, कारण सायकलचा आकार त्यावरून ठरतो. गुडघे, रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधं असतील तर तीही लिहा, आणि खाण्याच्या रकान्यात 'चालेल' असं न लिहिता काय चालत नाही ते स्पष्ट लिहा.