खरी रेषा की केबलची लाट?

थंड हायड्रोजन वायू १४२०.४ मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंमी तरंगलांबीला रेडिओलहर सोडतो. आपल्या आकाशगंगेतला हा वायू सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजच्या गच्चीवरूनही टिपता येतो, ढग असले तरी. वर्णपटात, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती ताकद आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, ही लहर उंचवटा म्हणून दिसते; त्यालाच रेषा म्हणतात. दिसलेला उंचवटा वायूचाच आहे हे सिद्ध करणं मात्र कठीण.

लहर गोळा करणाऱ्या नरसाळ्यासारख्या अँटेनाच्या, म्हणजे हॉर्नच्या, बुडाशी १५ किलोचा तेलाचा डबा लावायचा मोह होतो. तो टाळा. त्याची बाजू साधारण २३ सेंमी, तरंगलांबीहून मोठी. त्यामुळे लहर आत एकाच रूपात न राहता अनेक रूपांत फुटते आणि मोजमाप बिघडतं. त्यापेक्षा पत्रेवाल्याकडून आतून १६ × १० सेंमी मापाची पेटी वाकवून घ्या. मागच्या भिंतीपासून ७ सेंमीवर, रुंद बाजूच्या मधोमध, लहर टिपणारी ५ सेंमीची तांब्याची तार बसवा. शेवटची जुळणी कानशीने. पुढे ७५ × ६० सेंमी तोंडाचा हॉर्न जोडला की आकाशाचा सुमारे २० अंशांचा तुकडा दिसतो.

संकेत वाढवणारा अँप्लिफायर या तारेला खेटूनच हवा. मध्ये अर्धा डेसिबेल खाणारी केबल आली, तर एप्रिल-मेच्या उन्हात ती स्वतःचाच ३५-४० केल्व्हिन गोंगाट मिसळते (रेडिओतला गोंगाट तापमानाच्या एककात मोजतात). चांगल्या अँप्लिफायरचा गोंगाटही साधारण तेवढाच! शिवाय तापमान बदललं की अँप्लिफायरचं वर्धन, म्हणजे संकेत किती पट वाढतो ते, सरकतं, म्हणून त्याची डबी सावलीत ठेवा आणि नोंदी रात्री घ्या. सप्टेंबरअखेरीस रात्री आठच्या सुमारास हंस तारकासमूह उत्तरेकडे ६५-७० अंशांवर असतो. तिथे वायू भरपूर आहे.

खरी फसगत करते गच्चीवरून खाली रिसीव्हरपर्यंत येणारी लांब केबल. तिच्या दोन्ही टोकांना थोडं थोडं परावर्तन होतं आणि वर्णपटावर लाटा उमटतात. केबल ५० मीटरची असेल तर दोन शिखरांमधलं अंतर सुमारे २.४ मेगाहर्ट्झ भरतं. म्हणजे एकेक उंचवटा सव्वा मेगाहर्ट्झचा, जवळपास हायड्रोजनच्या रेषेइतकाच रुंद. उपाय साधा: रिसीव्हरच गच्चीवर ठेवून फक्त डेटा खाली आणा. मग हॉर्न जमिनीकडे वळवून बघा. वायूची रेषा नाहीशी होते, लाट राहते. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीमुळे खरी रेषा वर्षभरात १४० किलोहर्ट्झपर्यंत पुढेमागे सरकते. लाट जागची हलत नाही.

दूरच्या दीर्घिकांसाठी, म्हणजे इतर आकाशगंगांसाठी, गच्ची पुरत नाही. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर खगोलासाठी राखीव आहे, पण विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या लहरी ताणल्या जातात (ही ताम्रसृती); ताम्रसृती १ म्हणजे तरंगलांबी दुप्पट, म्हणून अशा दीर्घिकेची रेषा ७१० मेगाहर्ट्झवर येते, आणि ७०० चा पट्टा मोबाइलला दिलेला. शहरात तिथे काही ऐकू येणार नाही. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. एकट्या तबकडीतही पृष्ठभाग आणि फीड (तबकडीसमोर नाभीपाशी बसवलेला ग्राहक) यांच्यात लहर मागेपुढे होते. या दोघांमधलं, म्हणजे नाभीय, अंतर साडेअठरा मीटर, म्हणून लाट सुमारे ८ मेगाहर्ट्झची. दीर्घिकेची रेषा जेमतेम पाऊण मेगाहर्ट्झची असल्यामुळे तेवढं निभावतं.

सिग्नल तरीही गोंगाटात बुडालेलाच असतो. गोंगाट निम्मा करायला चौपट वेळ लागतो. म्हणून २०२० मध्ये जीएमआरटी वापरून खगोलशास्त्रज्ञांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सरासरी रेषा मिळवली. प्रत्येकीची ताम्रसृती वेगळी, त्यामुळे त्यांच्या रेषा ५८० ते ८१६ मेगाहर्ट्झमध्ये विखुरलेल्या. त्या एकाखाली एक आणताना उपकरणाची लाट दरवेळी वेगळ्या जागी पडते आणि सरासरीत बरीचशी पुसली जाते.