वस्तादाची नजर आणि १४ चा आकडा

विदर्भातल्या गावआखाड्यात पोट्ट्याचं अंग वस्ताद नजरेनंच जोखत. दंड-बैठका मारताना कोणता गुडघा आत कलतो, कोणता खांदा आधी खचतो, ते पाहायचं. या नजरेतून एक गोष्ट मात्र निसटायची. आखाड्यातली बैठक चवड्यांवर, टाच उचलून मारतात. त्यामुळे आखडलेला घोटा तिथे लपून जातो.

अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि या तालमीला शिस्तशीर शिक्षणाचं रूप आलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी मंडळाच्या चमूनं तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पुढे तालुक्या-तालुक्यात कराटे-तायक्वांदोचे वर्ग निघाले आणि सराव खणलेल्या भुसभुशीत मातीवरून शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीवर आला. माती दणका पिऊन घेते, फरशी तो घोट्या-गुडघ्याला परत देते. मॅट परवडत नसेल तर उड्या तरी पटांगणातच घ्याव्यात.

वस्ताद नजरेनं करत तशा हालचालीच्या तपासणीला गुण देण्याची पद्धत अमेरिकेत १९९० च्या दशकात ग्रे कुक आणि ली बर्टन यांनी बसवली. सात चाचण्या, प्रत्येकी तीन गुण, एकूण २१. चाचणीत दुखलं तर शून्य. २००७ मध्ये तिथल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल (आपल्याकडच्या फुटबॉलहून वेगळा, धडकांचा खेळ) खेळाडूंच्या अभ्यासात १४ किंवा कमी गुणवाल्यांना इजा जास्त झालेल्या दिसल्या. तेव्हापासून १४ म्हणजे जणू पास-नापासची रेघ होऊन बसली. धिप्पाड, पूर्ण वाढलेल्या खेळाडूंचा तो आकडा अकरा वर्षांच्या पोराला लावणं चुकीचंच आहे. नंतरच्या अभ्यासांतही एकूण गुणांवरून इजेचा अंदाज नीट बांधता आला नाही. पाहायचं ते कुठे दुखतं आणि डावं-उजवं किती वेगळं आहे.

घोट्यासाठी भिंत आणि टेप पुरे. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, पाऊल हळूहळू मागे न्यायचं आणि टेकेल तिथवरचं अंगठा ते भिंत अंतर मोजायचं. मोठ्यांत १० सेंटीमीटरच्या आत आलं तर घोटा आखडलेला समजतात. लहानांत पाऊलच छोटं, म्हणून दोन पायांतला फरक महत्त्वाचा.

गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दाबताच पोर कळवळलं, तर ते ऑसगुड आणि श्लॅटर यांनी १९०३ मध्ये वर्णिलेलं वाढीच्या वयातलं दुखणं असू शकतं. तिथे मांडीचा स्नायू कोवळ्या हाडाला ओढत असतो. अशा पोराला शिक्षा म्हणून बेडूकउड्या देऊ नयेत. दर तीन महिन्यांनी भिंतीवर खडूनं उंची मांडावी. दोन सेंटीमीटरहून जास्त वाढ दिसली की त्या काळात उड्या आणि उंच किक कमी कराव्यात.