उतरलेले वजन आपोआप टिकते का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर वर्षानुवर्षे फिरणारा एक समज असा, की वजन एकदा उतरले की शरीराला त्याची सवय होते आणि मग पूर्वीसारखे खाल्ले तरी चालते. प्रत्यक्षात घडते ते उलट. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक साठा पुरेसा असल्याचे मेंदूला कळवते; चरबी घटली की लेप्टिनही घटते, भूक चाळवणारे जठरातले घ्रेलिन वाढते, आणि डाएट संपून वर्ष लोटले तरी हा फरक टिकून राहिल्याचे अभ्यासांत आढळले आहे. शिवाय हलक्या झालेल्या शरीराला मुळातच कमी उष्मांक पुरतात. म्हणूनच पूर्वी तीन भाकऱ्यांवर स्थिर असलेले वजन आता त्याच तीन भाकऱ्यांवर चढू लागते, आणि कुंद्याची वाटी समोर आली की हात आवरणे अधिक जड जाते. यात मनाचा दुबळेपणा शोधणे अन्यायाचे आहे.

पडताळायचे असेल तर आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर वजन करून ते जेवणाच्या नोंदीशेजारी लिहावे. दोन-चार दिवसांतला चढउतार बहुधा पाण्याचा असतो. तो सोडून महिना-दोन महिन्यांचा कल पाहावा. सोबत सततचा थकवा असेल किंवा थंडी सोसत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थायरॉईडची रक्ततपासणीही करून घ्यावी.