फाइल पाठवण्याआधी एकदा तपासा
(एक्सएमएल फाइली पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"आमच्याकडे फाइल उघडते, मग तुमच्याकडे का चढत नाही?" चढत नाही म्हणजे फाइलमधली बिलं आमच्या प्रोग्रॅममध्ये येत नाहीत. महिन्याची आठ-नऊ तारीख आली की आमचा फोन या एकाच प्रश्नाने वाजत राहतो. अकरा तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायचा असतो, तेव्हा घाई दोन्ही बाजूंना असते. वेंगुर्ल्याचे काजू कारखानदार, देवगडचे आंबा व्यापारी, मालवणचे मासळीवाले आणि होमस्टेवाले, सगळ्यांचा प्रश्न तोच आणि बहुतेक वेळा कारणही तेच. फोनवर दर वेळी सांगण्यापेक्षा एकदा लिहून दिलेलं बरं.

आधी "उघडते" याबद्दल. नोटपॅड कुठलीही फाइल उघडतं. त्याला मजकुराशी देणंघेणं नसतं. फाइल नोटपॅडमध्ये दिसली म्हणजे ती शाबूत आहे असं होत नाही. आमचा प्रोग्रॅम मात्र ती फाइल एक्सएमएल म्हणून, म्हणजे प्रत्येक माहितीच्या दोन्ही बाजूंना टॅग नावाच्या खुणा असलेला मजकूर म्हणून वाचतो, आणि एक्सएमएलचे नियम कडक आहेत. १९९८ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने हे मानक जाहीर केलं तेव्हाच त्यात लिहून ठेवलं की रचनेत चूक सापडली तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने पुढचं काम थांबवायचं. वेबसाइटच्या पानात एखादा टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर सांभाळून घेतो. इथे ती सवलत नाही. त्यामुळे तीन हजार बिलांच्या फाइलमध्ये एका ठिकाणी एक चिन्ह चुकलं तरी एकही बिल चढत नाही. हा आमचा हेकेखोरपणा नाही. हिशेबाच्या बाबतीत अर्धी फाइल आत जाण्यापेक्षा एकही न गेलेली परवडते.

तपासायचं कसं

यासाठी एक्सएमएललिंट नावाचं छोटं टूल आहे. डॅनियल व्हेलार यांनी ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रकल्पासाठी लिबएक्सएमएल२ ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) लिहिली, तिच्याबरोबरच हे येतं. फुकट आहे, जुनं आहे, भरवशाचं आहे. मॅकवर ते आधीपासून असतं. उबुंटूवर लिबएक्सएमएल२-युटिल्स हे पॅकेज टाकलं की मिळतं. विंडोजवर ते आपोआप येत नाही, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

पत्रक मराठीत असल्यामुळे आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना त्या छोट्या इंग्रजी अक्षरांत करायच्या. कमांड प्रॉम्प्ट (मॅक आणि उबुंटूवर टर्मिनल) उघडा, फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे या आणि लिहा:

एक्सएमएललिंट --नोआउट विक्री.एक्सएमएल

नोआउटच्या आधी दोन आडव्या रेघा आहेत, एक नाही. हा शब्द विसरलात तर टूल अख्खी फाइल स्क्रीनवर ओतत बसेल.

एंटर दाबल्यावर काहीच दिसलं नाही आणि पुढची ओळ आली, तर फाइलची रचना ठीक आहे. यावर पुष्कळ जण फोन करतात की "काहीच झालं नाही". काही न होणं हाच इथे पास झाल्याचा निकाल. टूल शाबासकी देत नाही, फक्त चूक असेल तर बोलतं.

बोललं तर असं बोलतं:

विक्री.एक्सएमएल:४१२: पार्सर एरर : एक्सएमएलपार्सएंटिटीरेफ: नो नेम
<पार्टी>सावंत & सन्स</पार्टी>
               ^

पहिलं फाइलचं नाव, मग ओळीचा नंबर, मग तक्रार. खाली ती ओळ आणि तिच्याखाली टोपीसारखं चिन्ह, जिथे गाडी अडली तिथे. काही प्रोग्रॅम सगळी फाइल एकाच लांबलचक ओळीत काढतात. मग नंबर कायम १ येतो आणि काही कळत नाही. अशा वेळी नंबर सोडा, टोपीच्या आसपासचा मजकूर बघा. चुकांची मोठी यादी आली तर घाबरू नका. पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा तपासा, खालच्या बऱ्याच तक्रारी तिच्याच पोटातल्या असतात.

सगळा घोळ & चा

वरची तक्रार आमच्याकडे सर्वात जास्त येते. एक्सएमएलमध्ये & हे राखीव चिन्ह आहे. ते दिसलं की वाचणारा प्रोग्रॅम समजतो, आता पुढे एखादं सांकेतिक नाव येणार आणि अर्धविरामाने संपणार. नावात खरोखर & हवा असेल तर तो &एएमपी; असा लिहावा लागतो: & चिन्ह, त्याला चिकटून ए, एम, पी ही तीन छोटी इंग्रजी अक्षरं आणि शेवटी अर्धविराम, मध्ये कुठेही जागा नाही. आणि आपल्याकडे तर दर दुसऱ्या पाटीवर & आहे. भावाभावांची पेढी असो, बाप-लेकाची वखार असो, "& सन्स", "& ब्रदर्स", "& कंपनी" ठरलेलं.

हिशेबाच्या प्रोग्रॅममधून रीतसर एक्स्पोर्ट केलं, म्हणजे फाइल काढली, तर तो हे रूपांतर स्वतःच करतो. मग चूक येते कुठून? हाताने केलेल्या बदलातून. एक्स्पोर्ट झाल्यावर लक्षात येतं की एका पार्टीचं नाव राहिलं. पुन्हा एक्स्पोर्ट करायचा कंटाळा येतो, मग फाइल नोटपॅडमध्ये उघडून तिथेच नाव टाइप केलं जातं. नेमका तिथे उघडा & राहतो.

इथवरही ठीक, एका मिनिटात निस्तरतं. खरा वेळ जातो तो त्यानंतरच्या उपायात, आणि हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच आहे. & ची चूक आहे असं कळलं की बरेच जण नोटपॅडमध्ये "सगळे बदला" चालवतात: जिथे & आहे तिथे &एएमपी; घाल. आता फाइलमध्ये एक उघडा & होता, पण प्रोग्रॅमने आधीच बरोबर लिहिलेले शेकडो होते. त्या सगळ्यांतला & सुद्धा बदलतो आणि तिथे &एएमपी;एएमपी; तयार होतं. फाइल पुन्हा तपासली तर टूल गप्प! कारण रचनेच्या दृष्टीने ती आता निर्दोष आहे. आमच्याकडे चढतेही. फक्त "सावंत & सन्स" या जुन्या खात्याशेजारी "सावंत &एएमपी; सन्स" असं नवं खातं उघडतं, नवीन बिलं तिकडे जातात, जुनी येणी इकडे राहतात. हे लक्षात येतं ते ताळा जुळत नाही तेव्हा. मग दोन खाती एकत्र करायला बसावं लागतं, आणि त्याचे आम्हाला पैसे घ्यावे लागतात.

तेव्हा "सगळे बदला" नको. टूलने दाखवलेल्या ओळीवरचा तेवढा एकच & बदला. त्याहून चांगलं म्हणजे मूळ प्रोग्रॅममध्ये नाव भरून पुन्हा एक्स्पोर्ट करा.

& चा भाऊ म्हणजे < हे चिन्ह. "हापूस < २५० ग्रॅम", "सुरमई < १ किलो" अशी मालाची नावं ठेवली जातात. एक्सएमएलला तिथे नवा टॅग सुरू झाल्यासारखा वाटतो. मालाच्या नावात "२५० ग्रॅमखालील" लिहा, सगळ्यांची सोय.

"तुम्हीच दुरुस्त करून घ्या ना"

हे प्रेमाने सांगितलं जातं, पण आम्ही करत नाही. टूलमध्ये --रिकव्हर असा पर्याय आहे. तो मोडकी फाइल जमेल तेवढी वाचून पुढे रेटतो. जमत नाही ते गाळतो. "सावंत & सन्स" मधला & गेला तर एक वेळ चालेल, पण & ला अक्षर चिकटून असेल तर? "एस&के ट्रेडर्स" चं "एस ट्रेडर्स" होतं, कारण & आणि त्याला चिकटलेलं नाव दोन्ही जातं. एस ट्रेडर्स नावाची वेगळी पार्टी तुमच्या खात्यात असली तर बिल तिच्या नावे पडलं. तुमच्या वहीत कुठलं नाव खरं हे तुम्हालाच ठाऊक. म्हणून फाइल अडली की आम्ही ओळीचा नंबर कळवून परत पाठवतो. कुणाला हे ताठ वाटतं, पण आमच्याकडून कुणाच्या नावात परस्पर फेरफार झालेला नाही, याचं कारण हेच आहे.

एकाच गोष्टीला अपवाद आहे. हिशेबाच्या काही प्रोग्रॅममधून निघालेल्या फाइलीत "प्रायमरी" किंवा "नॉट अ‍ॅप्लिकेबल" या शब्दांच्या आधी &, #, चार हा आकडा आणि अर्धविराम असा एक तुकडा येतो. एक्सएमएल १.० मध्ये त्या क्रमांकाचं अक्षर चालत नाही, म्हणून टूल "इनव्हॅलिड एक्सएमएलकॅर व्हॅल्यू ४" म्हणून ओरडतं. यात तुमची चूक नाही. हा तुकडा आम्ही आमच्या बाजूला काढून टाकतो. फक्त ही एकच तक्रार असेल तर फाइल खुशाल पाठवा.

बाकीच्या तक्रारी

"प्रीमॅच्युअर एंड ऑफ डेटा" म्हणजे फाइल मध्येच तुटली आहे. पावसाळ्यात एक्स्पोर्ट चालू असताना लाईट गेली की हे हमखास. दुरुस्त करत बसू नका, पुन्हा काढा. "ओपनिंग अँड एंडिंग टॅग मिसमॅच" म्हणजे उघडला एक टॅग आणि बंद केला दुसरा. इंग्रजी टॅगमध्ये लहान-मोठं अक्षर बदललं तरी तो दुसरा टॅग धरला जातो. फाइलच्या अगदी सुरुवातीला, एक्सएमएलच्या घोषणेच्या (फाइल एक्सएमएल आहे हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या) आधी, एखादी रिकामी ओळ पडली तरी चालत नाही. आणि कृपा करून एक्सएमएल फाइल वर्डमध्ये उघडू नका. तिथे टाइप केलेली सरळ अवतरणचिन्हं वर्ड गोल करतं आणि टॅगमधली गोल अवतरणचिन्हं एक्सएमएलला कळत नाहीत.

"इनपुट इज नॉट प्रॉपर यूटीएफ-८" ही तक्रार बहुधा जुन्या फॉन्टवाल्यांची. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीची एकच पद्धत, आणि यूटीएफ-८ म्हणजे ती अक्षरं फाइलमध्ये साठवायची रीत. कृतिदेवमध्ये टाइप केलेली नावं दिसायला मराठी असली तरी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. कृतिदेवचा "ढ" म्हणजे फाइलमध्ये चक्क < हे चिन्ह. म्हणजे ढवळे आडनावाची पार्टी हाताने चिकटवली की फाइल आडवी. नावं युनिकोडमध्ये असली की हा प्रश्न उरत नाही. एक्सएमएलला मराठीचं वावडं नाही, टॅगची नावंसुद्धा देवनागरीत चालतात.

टूलला न कळणारी एक गोष्ट सांगून ठेवतो. जुन्या विंडोजवरचं नोटपॅड फाइल अन्सी या जुन्या पद्धतीत सेव्ह करायचं, जिच्यात मराठी अक्षरं मावत नाहीत. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून ते मुळातच यूटीएफ-८ झालं. जुन्यात मराठी नावांची फाइल सेव्ह करताना एक सूचना येते. ती न वाचता ओके दाबलं की नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते. प्रश्नचिन्हं एक्सएमएलला चालतात, त्यामुळे टूल काही बोलणार नाही. रक्कम चुकली, तारीख चुकली, तरीही ते गप्पच राहील. ते फक्त रचना बघतं, हिशेब तुम्ही बघायचा.

विंडोजवाल्यांसाठी

वार्षिक करार असलेल्या ग्राहकांच्या कॉम्प्युटरवर आम्ही हे टूल बसवून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. डेस्कटॉपवर एक आयकॉन येतो. फाइल ओढून त्याच्यावर सोडली की तपासणी होते. काळ्या खिडकीत काही टाइप करावं लागत नाही, आणि आमच्या या आयकॉनमध्ये फाइल बरोबर असली तर "ठीक आहे" असं मराठीत लिहूनही येतं. जुन्या फॉन्टमधली पार्टी आणि मालाची नावं एकदाच युनिकोडमध्ये करून देण्याचं कामही आम्ही घेतो. त्याचा दर नावांच्या संख्येवर आहे. हे काम गणपतीनंतर काढलंत तर आम्हाला निवांत बसून करता येतं.

करार नसेल तर फाइल फायरफॉक्समध्ये उघडून बघा. चूक असली तर तो ओळीचा आणि अक्षराचा नंबर दाखवतो. टूलइतकं सोयीचं नाही, पण न बघण्यापेक्षा बरं.

तपासलेली फाइल ईमेलने पाठवा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून जोडा. आतला मजकूर कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवू नका, आणि स्क्रीनचा फोटोही नको, त्यातून बिलं चढवता येत नाहीत. टूलची तक्रार समजली नाही तर मात्र त्या तक्रारीचा फोटो जरूर पाठवा, टोपीचं चिन्ह दिसेल असा.