संशोधनाला अनुदान हवंय? आधी संस्थेची फाइल काढा

प्रस्ताव डॉक्टर लिहितात, पण अनुदान येतं संस्थेच्या खात्यात. आपल्या विदर्भातल्या ग्रामीण मेडिकल कॉलेजांतले चांगले अर्जही इथंच अडकतात. विषय उत्तम असतो, संस्थेचा एखादा कागद मात्र शिळा निघतो.

पहिला घोळ नावाचा. सेवाग्रामचंच बघा. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहे. परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. कारभार कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा. खर्चाची वाटणी ठरलेली : केंद्र ५०, राज्य २५ आणि सोसायटी २५ टक्के. म्हणजे संलग्नता वेगळी, तिजोरी वेगळी. अर्जात अनुदान घेणारी संस्था म्हणून विद्यापीठाचं नाव टाकू नका; खातं आणि पॅन ज्या नावावर, तेच नाव अक्षरशः लिहा.

आयसीएमआरकडे, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे, अर्ज करायचा तर मुख्य संशोधक संस्थेत नियमित नोकरीत हवा. संस्था खासगी सोसायटीची किंवा ट्रस्टची असेल, तर डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता लागते. तिची मुदत आजच तपासा. आमच्याकडे ती ३१ मार्चला संपली आणि हे कळलं अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात. त्या वर्षीचा अर्ज गेला तो गेलाच. नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना म्हणजे नियमावली, लेखापरीक्षित ताळेबंद, पॅन, रद्द केलेला धनादेश, पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवरची नोंदणी आणि प्रमुखांच्या सहीशिक्क्याचं संमतीपत्र एका फोल्डरात तयार ठेवा.

खरा वेळ जातो तो एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनात सहभागी माणसांचं हित तपासणाऱ्या समितीत, आणि जायलाच हवा. कमिटीची नोंदणी हवी : औषध चाचण्यांसाठी सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे, इतर आरोग्य संशोधनासाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे. किमान ७ सदस्य, निम्मे तरी बाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. कायदा जाणणारी व्यक्ती हवी, सामान्य माणसांचा प्रतिनिधीही हवा. आमच्या कमिटीत ती खुर्ची जिल्हा परिषद शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींची. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या अभ्यासाचं संमतीपत्र वाचून त्यांनी विचारलं, "५ मिली रक्त म्हणजे किती जी?" उत्तर लिहून घेतलं : चहाचा एक चमचा. 'अनुवांशिक' खोडून 'आईबापाकडून आलेला' केलं. इंग्रजी मसुद्याचं शब्दशः मराठी करून नेलं, तर अशी बैठक परतवते. सहभागी माणसाला वाचता येत नसेल, तर अंगठ्याच्या ठशासोबत संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही लागते. गावभेटीला निघताना ती सोय करूनच निघा.

वेळापत्रकात शेती धरा. दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरोघरी गेलात, तर कुलपंच भेटतील.

औषध चाचणी असेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करा. परदेशी पैसा असेल, तर संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. परदेशी संस्थेसोबत संशोधन असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही पाहा.

मंजुरीनंतर प्रकल्पाची खतावणी वेगळी ठेवा. वर्ष संपलं की सरकारी वित्तीय नियमांच्या १२-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, आणि प्रगती अहवाल पाठवा. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. अनुदानावरचं व्याज किरकोळ वाटतं, म्हणून झेरॉक्स-डिझेलात वळवू नका. ते सरकारला परत भरावं लागतं, आणि लेखापरीक्षक आधी तोच आकडा शोधतो.