अंगण, वाडी आणि कॉन्व्हेंट : विदर्भाच्या खेड्यांत शाळेआधीच्या खेळाची पार्श्वभूमी

वरूड, शेंदुरजना घाटाच्या बाजूला 'नर्सरी'ची पाटी दिसली की आत संत्र्याची कलमं असतात. पिशवीत माती, मातीत जंभेरीचा खुंट, खुंटावर बांधलेला डोळा. मुलांची नर्सरी या भागात त्यामानाने उशिरा आली, आणि तीही 'कॉन्व्हेंट' या नावाच्या आडोशाने. त्याआधी गावात होती ती अंगणवाडी, आणि तिच्याही आधी, काही थोड्या गावांत, बालवाडी. आता चौथं नाव आलंय, बालवाटिका. तीन ते सहा वर्षांच्या पोरांनी सकाळी दोन-तीन तास कुठं बसायचं, काय खेळायचं आणि हातात पाटी कधी धरायची, यावरून सध्या गावोगावी जी ओढाताण चालू आहे, तिचं निम्मं मूळ या नावांतच आहे.

म्हणून आधी नावांचा गुंता.

जर्मनीत १८४० मध्ये एका शिक्षकाने लहान मुलांच्या आपल्या शाळेला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. शब्दशः, मुलांची बाग. लाकडी ठोकळे, चेंडू, दोऱ्या, घड्या घालायचे कागद ही त्याची साधनं. आपल्याकडे बाग म्हणजे वाडी, म्हणून बालवाडी. 'वाडी' हा शब्द संस्कृत 'वाटिका'वरूनच झिजत आलेला, म्हणजे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातली बालवाटिका ही जुन्या बालवाडीचंच सोवळं रूप. आणि कॉन्व्हेंटातली 'केजी-वन, केजी-टू' म्हणजे पुन्हा तीच जर्मन बाग, आद्याक्षरांत दडवलेली. चार पाट्या, एकच अर्थ. पण गावात विचाराल तर केजी वरची, बालवाडी खालची, आणि अंगणवाडी म्हणजे खिचडीची. "आमचा पोट्टा कान्व्हेंटले जाते" हे वाक्य ज्या ठसक्यात म्हटलं जातं, त्या ठसक्यात "अंगणवाडीत जाते" म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

'कॉन्व्हेंट' शब्दाची तर विदर्भात वेगळीच कथा आहे. मूळ अर्थ ख्रिस्ती जोगिणींचा मठ. नागपुरात मिशनच्या शाळा जुन्या, त्यांचा दबदबा मोठा. त्यांच्यामागून हा शब्द आधी तालुक्याला आणि मग बाजाराच्या गावांना पोचला. आज भाड्याच्या दोन खोल्या, गेटवर मिकी माऊस, टाय लावलेली चाळीस पोरं आणि संस्थेच्या नावात एखाद्या संताचं किंवा संचालकाच्या आजीचं नाव असलं तरी शेवटी 'कॉन्व्हेंट' लागतंच. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला हे गमतीचं वाटतं. इथे त्यात गंमत नाही, फी आहे.

उरला शब्द अंगणवाडी. हा मात्र कशाचंही भाषांतर नाही. १९४५ नंतर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, एका बालशिक्षण संस्थेने बालवाडी उघडली. वस्तीतली गरिबाघरची पोरं तिथवर येईनात. घरी धाकटं भावंड सांभाळायचं, शेळ्या बघायच्या, आणि अंगावर धड कपडे नाहीत. तेव्हा शिक्षिकांनीच सामान उचललं आणि त्या वस्तीच्या अंगणात जाऊन बसल्या. मध्यवर्ती बालवाडी एक, तिच्या जोडीला अंगणातल्या वाड्या अनेक. अंगणवाडी म्हणजे मुलाच्या दारात चालून आलेली वाडी. काम पुढे डहाणूजवळच्या कोसबाडला गेलं, वारली पाड्यांत. साधनं तीच राहिली: गारगोट्या, शिंपले, बिया, पानं, काड्या. भावनगरला १९२० मध्ये सुरू झालेल्या बालमंदिरातून ही परंपरा आली होती. इटलीहून आलेली माँटेसरी पद्धतीची महागडी लाकडी साधनं इथल्या गावाला परवडणार नाहीत आणि तशी गरजही नाही, हे त्या मंडळींना लवकर उमगलं होतं.

गंमत पुढे आहे. १९७५ मध्ये केंद्र सरकारने हे नाव उचललं आणि देशभर लावलं. पण सरकारी अंगणवाडी म्हणजे नेमलेली जागा, नेमलेली सेविका, हजेरीपट. तिथे मूल चालत जातं. म्हणजे नावात अंगण राहिलं आणि चालण्याची दिशा उलटी झाली. माझ्या मते हा बदल पैशांच्या कमतरतेइतकाच महत्त्वाचा आहे, पण त्याची चर्चा होत नाही. पुढे इमारती झाल्या, इमारतींना कुंपणं झाली, आणि गेल्या काही वर्षांत कुंपणाच्या आत सिमेंटचे गट्टू बसले. आता तान्हा पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, मातीचे बैल करायचे तर माती घमेल्यात भरून नाल्यावरून आणावी लागते. आवारात ती कुठं राहिलेलीच नाही.

विदर्भाचा स्वतःचा जुना धागा वर्ध्याचा. १९३७ च्या ऑक्टोबरातल्या शिक्षण परिषदेनंतर सेवाग्रामला नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवणारी गांधीजींची शिक्षणपद्धती, उभी राहिली. ती आधी सात ते चौदा वर्षांपुरती होती. जानेवारी १९४५ च्या परिषदेत गांधीजींनी ती जन्मापासून मरणापर्यंत ताणली, आणि सातच्या आतल्या मुलांसाठी 'पूर्व बुनियादी' हा शब्द आला. तिथे खेळ आणि काम यांत भिंत नव्हती. लहान झाडू, लहान घागर, कापसातला कचरा वेचणं, वाफ्याला पाणी. आज वाचताना ते थोडं कडक वाटतं. बाहुलीला त्यात फार जागा दिसत नाही. तरी ज्वारी-कपाशीच्या मुलखात मुलाच्या हाताशी काय असतं हे ओळखून आखलेला तो एकमेव आराखडा होता. विदर्भात वर्धा जिल्ह्याच्या बाहेर तो फारसा पसरला नाही. १९५४ पासून केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या प्रकल्पांतून आणि महिला मंडळांतून काही बालवाड्या निघाल्या, त्यांतल्या कित्येक अनुदानाबरोबर आल्या आणि अनुदानाबरोबर गेल्या.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातली पहिली नावं दोन, मुंबईची धारावी आणि मेळघाटातली धारणी. सातपुड्यात, कोरकू पाड्यांमध्ये. सहा सेवांपैकी पाच आरोग्य-आहाराच्या आणि एक 'अनौपचारिक शालापूर्व शिक्षण'. ते 'अनौपचारिक' फार सोयीचं ठरलं. मूळ हेतू चांगला होता, पाटी-पेन्सिल नको, परीक्षा नको. पण कार्यालयाच्या भाषेत अनौपचारिक म्हणजे ज्याचा अहवाल द्यावा लागत नाही ते. खिचडी नाही शिजली तर विचारणा होते. वजन नाही घेतलं तर नोटीस येते. गाणं नाही म्हटलं तर कुणाला कळत नाही.

मेळघाटात त्यात भाषेची भर. सेविका अनेक ठिकाणी मराठी बोलणारी, पोरं कोरकू बोलणारी. अभिनयगीत म्हणायचं तर पोरं हातवारे करायची, शब्द ओठांवर नुसते हलायचे. गडचिरोलीत गोंडी-माडिया, यवतमाळात झरी-जामणी आणि केळापूरकडे कोलामी, गोष्ट तीच. ज्या पाड्यात सेविका त्याच समाजातली मिळाली तिथे खेळ लगेच मोकळा व्हायचा. हे साधं निरीक्षण शासनाच्या कागदावर यायला फार वर्षं गेली.

१९९० च्या दशकात मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. न्यायालयात याचिका, दौरे, पथकं. त्यानंतर अंगणवाडीचा केंद्रबिंदू वजनकाटा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, यावर वाद नाही. पण त्याची किंमत कुणी मोजली नाही. एका सेविकेने करायची गृहभेट, लसीकरणाची यादी, गरोदर मातांची नोंद, घरपोच आहाराचं वाटप आणि डझनभर रजिस्टरं यांतून उरेल तो वेळ खेळाचा. तो बहुधा खिचडी शिजेपर्यंतचा. मदतनीस चुलीपाशी, बाई रजिस्टरात, आणि पोरं भिंतीला टेकून रांगेत 'हाताची घडी, तोंडावर बोट'. ज्यांनी त्या काळात अंगणवाड्या पाहिल्या, त्यांना हे चित्र परकं नसावं. अपवाद होते. एखादी सेविका चिंचोके, सरकी आणि तुरीचे दाणे एकत्र करून पोरांना निवडायला बसवायची, पळसाची फुलं उकळून रंग काढायची, भेंडीच्या देठाचे ठसे उमटवून घ्यायची. ज्वारीच्या धांड्याची साल काढून बैलगाडी करायला गावातले आजोबा आनंदाने यायचे. पण हे तिच्या हौसेवर होतं. मानधनात हौसेचा रकाना नव्हता.

गावचा खेळ अंगणवाडीच्या दाराबाहेर मात्र भरपूर होता. तान्ह्या पोळ्याला लाकडी चाकाचे बैल सजवून दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागणं, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईपुढे फेर धरणं आणि खिरापत ओळखणं, पोळ्याच्या पाडव्याला मारबत-बडग्यांचे पुतळे मिरवणं. खिरापत ओळखणं म्हणजे तर गंध, आवाज, तर्क यांचा सगळा बालशिक्षणाचा धडाच. डब्यात काय आहे, वाजवून सांग. अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांना ही गोष्ट पुष्कळ उशिरा दिसली, आणि दिसली तेव्हा 'स्थानिक संस्कृतीचा समावेश' या मथळ्याखाली एका ओळीत आली.

कॉन्व्हेंटची लाट साधारण २००० नंतर खेड्यात शिरली. कापसाचे भाव पडलेले, शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या, आणि नेमक्या त्याच वर्षांत गावात पिवळी व्हॅन येऊ लागली. यात विसंगती वाटेल, पण नाही. शेतीवर भरवसा उरला नाही म्हणूनच पोराला इंग्रजी हवी झाली. कॉन्व्हेंटने पालकाला दिसेल असं काहीतरी दिलं: वही, गृहपाठ, लाल शाईची खूण. साडेतीन वर्षांच्या मुलाने चार रेघी वहीत अक्षरं गिरवलेली पाहून आईचा जीव भांड्यात पडायचा. अंगणवाडीतल्या मुलाने दिवसभर मणी ओवले तर दाखवायला काय? माळ. बोटांचे स्नायू अक्षराआधी तयार व्हावे लागतात आणि मणी ओवणं ही त्याचीच तयारी आहे, हे कुणी समजावून सांगायचं? सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांनीच मग अंगणवाडीच्या भिंतींवर ए फॉर ॲपल रंगवून घेतलं.

कायद्यानेही या वयाला दारातच ठेवलं. राज्यघटनेचं मूळ ४५ वं कलम चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांबद्दल बोलत होतं, खालची मर्यादा त्यात नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा हा वयोगट मूलभूत हक्कात घेतला आणि सहाच्या आतल्यांना 'राज्य प्रयत्न करील' एवढ्यावर सोडलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही अकराव्या कलमाला शालापूर्व शिक्षणाची सोय 'करता येईल' इतकाच आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अंगणवाडी प्रत्येक वस्तीपर्यंत न्या म्हणून आदेश दिला, पण तो अन्नाच्या हक्काच्या खटल्यात. एप्रिल २०२२ मध्ये सेविकांना ग्रॅच्युइटी मिळावी असं म्हणताना त्याच न्यायालयाने त्या शालापूर्व शिक्षणाचंही काम करतात हे नोंदवलं. म्हणजे मूल शिकतं हे आधी कामगार कायद्याच्या वाटेने मान्य झालं.

गेल्या दहा-बारा वर्षांत सगळं एकदम आलं. 'आकार' हा राज्याचा खेळावर आधारलेला अभ्यासक्रम आला, आणि तो चांगला आहे. आठवड्याचे विषय, बाहुलीचा कोपरा, ठोकळ्यांचा कोपरा, मातकाम, चिकटकाम, मुक्तखेळ. पाठोपाठ आयएसओ मानांकनाच्या अंगणवाडीची हौस आली. लोकवर्गणीतून रंग, झुंबर, प्लास्टिकचा घोडा. त्यातली बरीच खेळणी पाहुणे येतील त्या दिवशी कपाटाबाहेर निघायची, कारण तुटलं तर भरपाई सेविकेच्या अंगावर. २०२० च्या मार्चपासून दोन वर्षांच्या आसपास दारंच बंद. व्हॉट्सॲपवर गाण्यांचे व्हिडिओ जात होते, आणि गावातला एकमेव चांगला फोन बापासोबत शेतात असायचा. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे फोनवर नोंदी भरायचं ॲप आलं, आणि त्याच वर्षी राज्यात अनेक सेविकांनी नीट न चालणारे सरकारी फोन परत केले. मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी पढाई भी' जाहीर केलं. घोषणेतला तो दुसरा 'भी' यायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

एक गोष्ट या सगळ्यात मागे राहते, वेळ. कापूस वेचणीच्या हंगामात आई सकाळीच निघते ती दिवस मावळायला येते. अंगणवाडी दुपारी सुटते. मधले तास मोठी बहीण, आजी, नाहीतर बांधावरच्या बाभळीला बांधलेली झोळी. पाळणाघर हा शब्द विदर्भाच्या खेड्यात शहरी वाटतो, पण गरज शहराहून जास्त आहे. खेळाच्या आराखड्यात हा मधला वेळ धरलेलाच नाही.

बालवाटिकेने आता नवा पेच घातलाय. नव्या रचनेत तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा, म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एका माळेत. पाच वर्षांचं मूल मग कुणाचं? जिल्हा परिषदेच्या शाळेला ते पटासाठी हवं, कारण पट घसरला की शिक्षक जातो. अंगणवाडीला ते लाभार्थी म्हणून हवं. आणि प्रत्यक्षात कित्येक गावांत ते मूल सकाळी व्हॅनमध्ये बसून कॉन्व्हेंटला गेलेलं असतं, नाव अंगणवाडीच्या यादीत, आहाराचं पाकीट घरी. गणती आली की पर्यवेक्षिका मुख्याध्यापकांकडे बोट दाखवते, मुख्याध्यापक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि सेविका तेवढ्यात पोरांना गोल बसवून विषामृत सुरू करते.